साधन तशी नोंद

प्रबंधाच्या किंवा शोधनिबंधाच्या अखेरीस येणारी संदर्भसूची म्हणजे लेखकाने वापरलेल्या साधनांची ठरावीक क्रमाने व ठरावीक तपशिलांसह केलेली यादी, अशी तिची व्याख्या संशोधनपद्धतीच्या पाठ्यपुस्तकांत दिलेली असते. व्याख्या बरोबर आहे. पण मराठीतील प्रबंधांच्या आणि शोधनिबंधांच्या सूची वर्षानुवर्षे तपासत आलेल्या संपादकाला ती अपुरी वाटू लागते. सूचीतील प्रत्येक नोंद लेखकाला कधीही न भेटणाऱ्या एका वाचकासाठी, कदाचित वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या वाचकासाठी, लिहिलेली असते आणि त्याला नेमक्या त्याच पानापर्यंत पोचवणे हे तिचे काम असते. तो तिथे पोचू शकला नाही, तर नोंदीतले स्वल्पविराम आणि कंस कितीही नेटके असले तरी ती निकामी ठरते. या कामाचा एकंदर अनुभव असा की, पुस्तकाची नोंद एक तऱ्हेची, नियतकालिकाची दुसऱ्या आणि दप्तरातल्या कागदाची तिसऱ्याच तऱ्हेची का असते, याचे खरे उत्तर नियमावलीत नसून साधनाच्या स्वभावात असते : प्रत्येक प्रकारचे साधन वेगळ्या ठिकाणी हरवते, आणि नोंदीने नेमकी तीच जागा सांभाळायची असते.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आज ज्या संदर्भपद्धतींची नावे वारंवार घेतली जातात, त्या निरनिराळ्या विद्याशाखांच्या गरजांतून परदेशात घडल्या. मजकुरातच कंसात लेखकाचे नाव आणि वर्ष देण्याच्या रीतीचा उगम हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ सालच्या निबंधात सांगितला जातो. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेची नियमावली १९०६ मध्ये निघाली; ‘एपीए’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची पद्धत १९२९ मध्ये एका नियतकालिकातील सात पानांच्या लेखाने सुरू झाली; भाषा-साहित्याच्या अभ्यासकांची ‘एमएलए’ पद्धत १९५१ मध्ये एका छोट्या पत्रकाच्या रूपाने आली; आणि वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची, क्रमांकांवर चालणारी पद्धत १९७८ मध्ये व्हँकुव्हर येथील बैठकीतून उभी राहिली. ज्या शाखेत निष्कर्ष लवकर जुने होतात तिथे वर्ष नावाच्या लगेच शेजारी येते, आणि ज्या शाखेत शब्दांचा नेमका पाठ महत्त्वाचा असतो तिथे पृष्ठांकाला मान मिळतो, एवढे एकदा लक्षात आले की पद्धतींमधले फरक मनमानी वाटेनासे होतात. अडचण वेगळीच आहे. मराठी संशोधनाची कित्येक साधने, म्हणजे गाथा, पोथ्या, मोडी कागद, दिवाळी अंक, जात्यावरच्या ओव्या, या पद्धती घडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती, आणि सूचीची खरी कसोटी लागते ती तिथेच.

पुस्तकाची नोंद सर्वांत सोपी समजली जाते आणि म्हणूनच ती सर्वांत निष्काळजीपणे केली जाते. तपशील मुखपृष्ठावरून न घेता आतील शीर्षकपानावरून आणि त्याच्या मागील बाजूवरून घ्यायचे असतात. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत फरक करायचा असतो, कारण आवृत्तीत मजकूर बदललेला असतो, तर पुनर्मुद्रणात तोच मजकूर पुन्हा छापलेला असतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तकावर अनेकदा प्रकाशक असा वेगळा नसतोच, केवळ छापखान्याचे नाव असते. अशा वेळी प्रकाशकाच्या जागी छापखान्याचे नाव लिहून तो छापखाना आहे हे स्पष्ट करणे, हा एकच प्रामाणिक मार्ग उरतो. एपीए नियमावलीच्या २०१९ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने पुस्तकाच्या नोंदीतून प्रकाशनस्थळ काढून टाकले. आजच्या ग्रंथांपुरते ते ठीक आहे, पण ज्या पुस्तकाचा प्रकाशक सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत गावाचे नाव ही उरलेली मोजकी खूण असते, आणि मराठी सूचीत ती राखणेच शहाणपणाचे ठरते. वर्षाच्या बाबतीतही असेच होते. पुस्तकावर शके १७९५ एवढेच छापलेले असेल, तर अठ्ठ्याहत्तर मिळवून थेट १८७३ लिहिण्याचा मोह होतो. परंतु शक चैत्रात सुरू होत असल्याने वर्षअखेरच्या महिन्यांसाठी एकोणऐंशी मिळवावे लागतात, म्हणून महिना ठाऊक नसेल तेव्हा मूळ शक तसाच ठेवून त्यापुढे ‘इ. स. १८७३-७४’ असे लिहावे लागते. पुस्तकावर जे छापले आहे ते आधी आणि अभ्यासकाने काढलेला अर्थ नंतर, हा क्रम सूचीत शेवटपर्यंत पाळावा लागतो.

मूळ प्रकाशन आणि हाती असलेली प्रत यांतले अंतर किती दूरगामी ठरते, हे जोतीराव फुले यांच्या लेखनाच्या नोंदीत स्पष्ट दिसते. ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली; आजचा विद्यार्थी मात्र ती बहुधा महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथात वाचतो, ज्याची पहिली आवृत्ती धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी १९६९ मध्ये आणि पुढे सुधारित आवृत्ती य. दि. फडके यांनी १९९१ मध्ये संपादित केली. विद्यार्थी वर्ष पाहतो, नमुन्याबरहुकूम कंसात ‘फुले, १९९१’ असे लिहितो, आणि नियमाच्या दृष्टीने त्यात कोणतीही चूक नसते. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील एखादा लेखक आणि ‘फुले, १९९१’ यांची तुलना एकाच वाक्यात होते, तेव्हा कालक्रम उलटा होऊन बसतो आणि ज्याने पुढच्यांना वाट दाखवली तोच त्यांच्यामागून आल्यासारखा दिसतो. यावर उपाय नियमावलीतच आहे, आणि तो म्हणजे दोन्ही वर्षे देणे : मजकुरात ‘फुले, १८७३/१९९१’ आणि सूचीत ‘फुले, जोतीराव. (१९९१). गुलामगिरी. य. दि. फडके (संपा.), महात्मा फुले समग्र वाङ्मय’, पुढे पृष्ठांक व प्रकाशक, आणि शेवटी कंसात ‘मूळ प्रकाशन १८७३’. या एका नोंदीत चार गोष्टी सांभाळल्या जातात : विचार कोणाचा, तो केव्हाचा, कोणत्या संपादकाच्या हातून आलेला पाठ वाचला आणि तो कोणत्या ग्रंथात सापडेल. यांतली एकही गाळली तर वाचक अडतो. संकलित ग्रंथातील लेखाचा लेखक एक आणि ग्रंथाचा संपादक दुसरा असतो, हा साधा भेद सूचीत वारंवार पुसला जातो, आणि त्यातून संपादकालाच लेखक ठरवल्याचे प्रसंग इतके घडतात की तपासणाऱ्याची नजर प्रथम तिथेच जाते.

संतसाहित्याच्या नोंदीत पृष्ठांक जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण एकाच रचनेच्या अनेक प्रती वेगवेगळ्या आकारात छापल्या गेल्या आहेत. ज्ञानेश्वरीसाठी अध्याय आणि ओवीचा क्रमांक, गाथेसाठी अभंगाचा क्रमांक द्यावा लागतो. परंतु क्रमांकावरही आंधळा भरवसा ठेवता येत नाही. तुकारामांच्या गाथेची १९५० सालची शासकीय प्रत आणि विष्णुबुवा जोग यांची सार्थ गाथा यांत अभंगांचे क्रमांक जुळत नाहीत, आणि ज्ञानेश्वरीच्या राजवाडे प्रतीतील ओवीसंख्या फडांवरच्या प्रचलित प्रतींपेक्षा निराळी आहे. लीळाचरित्राच्या बाबतीत ह. ना. नेने यांची आणि वि. भि. कोलते यांची संपादने समोरासमोर ठेवली की लीळांचा क्रमही वेगळा दिसतो. त्यामुळे ‘तुकाराम गाथा, अभंग अमुक’ असे लिहून कोणती प्रत ते न सांगणे म्हणजे घरक्रमांक देऊन गाव न सांगण्यासारखे होय. अनुभवी संपादक अशा ठिकाणी अभंगाचे पहिले चरणही नोंदीत जोडून घ्यायला सुचवतो, कारण क्रमांक चुकला तरी चरणावरून रचना सापडते.

नियतकालिकांत सर्वाधिक गोंधळ वर्ष, अंक आणि तारीख यांच्याभोवती होतो. ‘वर्ष’ म्हणजे नियतकालिकाच्या आयुष्याचे कितवे वर्ष, हे लक्षात न घेता तिथे इसवी सन लिहिला जातो. जोडअंकाचा क्रमांक एकच धरला जातो. आणि दिवाळी अंकाला तर कित्येकदा क्रमांक नसतोच. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा मराठी वैचारिक लेखनाचे मोठे भांडार आहे, महत्त्वाचे किती तरी लेख तिथेच छापले गेले आणि पुढे ग्रंथात कधी आले नाहीत. अशा लेखाच्या नोंदीत नियतकालिकाच्या नावापुढे ‘दिवाळी अंक’ आणि इसवी सन ठळकपणे यावा लागतो, कारण ग्रंथालयातही हे अंक बहुधा याच खुणेने लावलेले असतात.

वृत्तपत्रातील निनावी मजकुराची नोंद याहून नाजूक असते. ४ जानेवारी १८८१ रोजी सुरू झालेल्या ‘केसरी’तील अग्रलेख लेखकाच्या नावाशिवाय छापले जात. त्या काळातील कोणताही अग्रलेख टिळकांच्या नावावर लावण्याची सवय इतकी रुजली आहे की, गोपाळ गणेश आगरकर हे ‘केसरी’चे पहिले संपादक होते आणि १८८७ पर्यंत त्या पदावर होते, याचा सूची करताना विसर पडतो. सुरुवातीच्या वर्षांतला एखादा लेख टिळकांच्या नावावर नोंदवला की सामाजिक सुधारणेच्या वादातील एका बाजूचे मत दुसऱ्या बाजूच्या तोंडी घातले जाण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून लेखकत्वाचा पुरावा नसेल तिथे नोंद शीर्षकापासून सुरू करायची, पुढे ‘अग्रलेख’ असा उल्लेख करायचा आणि पूर्ण तारीख द्यायची. पुढील काळातील एखाद्या संग्रहाच्या आधाराने लेखक निश्चित झाला असेल, तर नाव चौकटी कंसात घालून ते संपादकाने ठरवले आहे हे दाखवायचे. चौकटी कंस या एका चिन्हाने छापील वस्तुस्थिती आणि अभ्यासकाचा तर्क यांच्यातली रेघ शाबूत राहते.

नावांचा प्रश्न मराठीत केवळ मांडणीचा नसतो. आडनाव आधी आणि पुढे आद्याक्षरे ही रीत ‘राजवाडे, वि. का.’ किंवा ‘केळकर, न. चिं.’ अशा नोंदीत सहज बसते; मात्र मराठीतले आद्याक्षर काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर यांसह लिहायचे असते, म्हणून ‘त्र्यं. शं. शेजवलकर’ यांचे ‘त. श.’ करणे म्हणजे त्यांना अनोळखी करणे होय. ज्ञानेश्वर किंवा तुकाराम यांना आडनावाच्या चौकटीत बसवायचे नसते. टोपणनावाने लिहिलेल्या ग्रंथाची नोंद टोपणनावाखालीच करायची आणि खऱ्या नावावरून तिकडे निर्देश द्यायचा. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर या नावाने आले. त्यांचे माहेरचे नाव बाळूताई खरे आणि विवाहानंतरचे मालती बेडेकर. ही तिन्ही नावे एका सूचीत स्वतंत्रपणे विखुरली, तर एकाच लेखिकेचे काम तीन बायकांमध्ये वाटले जाते. विवाहानंतर नाव बदलण्याच्या रूढीमुळे लेखिकांच्या बाबतीत हे वारंवार घडते, आणि ‘पाहा’ एवढा एक निर्देश देऊन ते टाळता येते. तो देण्याचे कष्ट घेणे हा न्यायाचा भाग आहे. वर्णानुक्रमातही असाच एक कोपरा आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, पण संगणकाच्या युनिकोड संकेतांत तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे, त्यामुळे यंत्राने लावलेला क्रम मराठी वाचकाच्या अपेक्षेशी जुळेलच असे नाही, आणि जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली सूची तर यंत्राला क्रमाने लावताच येत नाही.

अप्रकाशित कागदपत्रांपाशी पोचल्यावर छापील पुस्तकासाठी तयार झालेला साचा पुरता अपुरा पडतो. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तराचे कागद कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, म्हणजे रुमालांत, ठेवलेले आहेत. म्हणून तिथल्या कागदाच्या नोंदीत संस्था, दप्तराचा विभाग, रुमालाचा क्रमांक, आत पुडके असल्यास त्याचा क्रमांक, आणि मग कागदाचे स्वरूप, लिहिणारा, ज्याला लिहिले तो व तारीख, असा बाहेरून आत जाणारा क्रम ठेवावा लागतो. तारखेत पुन्हा एक पेच असतो. मोडी पत्रात चंद्राची तारीख ‘छ’ या खुणेने, महिना अरबी आणि वर्ष सुहूर सनाचे अरबी अंकशब्दांत दिलेले असते. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर ११७५, आणि सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, म्हणून हे वर्ष १७७४-७५ ठरते. नोंदीत मूळ कालनिर्देश आणि रूपांतर दोन्ही दिले, तर रूपांतरात चूक झाली असली तरी पुढचा अभ्यासक ती दुरुस्त करू शकतो. फक्त रूपांतर दिले, तर चूक कायमची रुजते. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले, आणि त्यापूर्वी १८९८ पासून वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढायला सुरुवात केली होती. या खंडांतील पत्र वापरले असेल तर खंड आणि लेखांक, म्हणजे पत्राचा छापील अनुक्रमांक, द्यायचा. छापील खंड वाचून रुमालाचा हवाला देणे हा सूचीतला सर्वांत गंभीर अपप्रकार होय, कारण त्यात न पाहिलेला कागद पाहिल्याचे भासवले जाते.

मौखिक साधनांच्या बाबतीत प्रश्न नैतिक होतो. एपीए पद्धतीत अभ्यासकाने स्वतः घेतलेली, इतरांना न मिळणारी मुलाखत ‘वैयक्तिक संवाद’ मानली जाते. तिचा उल्लेख फक्त मजकुरात करायचा, सूचीत नाही, कारण वाचकाला ती शोधता येत नाही. हा तर्क सुसंगत आहे. परंतु लोकसाहित्याच्या प्रबंधात याचा परिणाम असा होतो की, ज्या बाईने दोनशे ओव्या सांगितल्या तिचे नाव सूचीत कुठेच येत नाही, आणि त्या ओव्यांवर चार पाने लिहिणाऱ्या समीक्षकाचे नाव ठळकपणे येते. हेमा राइरकर आणि गी पॉयटवाँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणारीचे नाव आणि गाव नोंदवण्याची काळजी घेतली गेली. म्हणूनच आज ती ओवी कोणाची हे सांगता येते. मराठी प्रबंधाने मौखिक साधनांसाठी सूचीत स्वतंत्र विभाग करावा, आणि सांगणाऱ्याची संमती असेल तर नाव, गाव, तारीख व ध्वनिमुद्रण कुठे ठेवले आहे हे लिहावे. संमती नसेल तर नाव झाकून बाकी तपशील द्यावा. नियमावलीच्या चौकटीबाहेर जाण्याचे हे धैर्य संशोधकाने दाखवायला हवे, असे हे काम आग्रहाने सांगते.

महाजालावरील साधनांची नोंद तुलनेने सोपी आहे. ज्या शोधनिबंधाला ‘डीओआय’, म्हणजे पत्ता बदलला तरी न बदलणारा ओळखक्रमांक, मिळालेला असतो, त्याला तो द्यावा. ज्या पानाचा मजकूर बदलत राहतो, त्याला पाहिल्याची तारीख जोडावी. आणि शोधगंगेसारख्या संग्रहातील प्रबंधाला विद्यापीठाचे नाव व वर्ष द्यावे. २००६ मध्ये आलेल्या झोटेरोसारख्या आज्ञावलींनी श्रम खूप वाचवले आहेत, पण त्यांना दिलेली माहिती चुकीची असली तर त्या ती चूकच नेटक्या वेषात परत करतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून सूची मागवली, तर लेखक खरा, नियतकालिक खरे आणि लेख मात्र अस्तित्वातच नसलेला, अशी नोंद हाती येऊ शकते. बाह्य आकार निर्दोष असल्यामुळे ती डोळ्यांना खटकत नाही, आणि पकडली जाते ती फक्त कोणी तो अंक उघडून पाहिला तर.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यासंबंधी विनियम लागू केल्यापासून संदर्भांकडे साम्याच्या टक्केवारीतून पाहण्याची सवय वाढली आहे. दहा टक्क्यांच्या आत राहणे हेच उद्दिष्ट बनले की संदर्भ ही आरोपापासून वाचवणारी ढाल ठरते, आणि वाचकाला वाट दाखवण्याचे त्याचे मूळ काम मागे पडते. टक्केवारी मोजणाऱ्या यंत्राला दुसऱ्याच्या ग्रंथातून उचललेला, स्वतः न वाचलेला संदर्भ ओळखता येत नाही. ‘राजवाडे, उद्धृत शेजवलकर’ अशा धर्तीवर मधला दुवा कबूल करायचा की नाही, हे अभ्यासकाच्या सचोटीवरच अवलंबून राहते. ‘उद्धृत’ हा उल्लेख कमीपणाचा आहे असे नवख्या विद्यार्थ्यांना वाटते. वस्तुतः ज्या सूचीत तो योग्य जागी येतो, तिच्या बाकीच्या नोंदींवर तपासणाऱ्याचा विश्वास वाढतो.

या साऱ्यातून निघणारी अपेक्षा स्पष्ट आहे. संदर्भसूची प्रबंधाच्या शेवटच्या आठवड्यात जुळवायची नसून साधन हातात असतानाच, शीर्षकपान समोर ठेवून, एकेक नोंद पूर्ण करायची असते, आणि ही सवय पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्याच सत्रात ग्रंथालयात बसवून लावायला हवी. त्याचबरोबर गाथेची प्रत, दिवाळी अंक, रुमालातील कागद, निनावी अग्रलेख आणि ओवी सांगणारी बाई या साधनांना हक्काची जागा देणारी, मराठी विद्यापीठीय जगाने एकमताने स्वीकारलेली नियमावली असायला हवी. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील आणि पुढे १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची चिकाटीने सिद्ध केली, म्हणून आज एकोणिसाव्या शतकातले एखादे पुस्तक शोधणाऱ्याला सुरुवात कुठून करायची ते ठाऊक असते. प्रत्येक प्रबंधाची सूची हे त्याच कामाचे छोटे पण पूर्ण जबाबदारीचे रूप आहे, आणि ज्याला मराठीतील ज्ञान पुढच्या पिढीच्या हाती तपासण्याजोग्या अवस्थेत द्यायचे आहे, त्याने नोंदीतल्या प्रत्येक तपशिलाला तेवढ्याच गांभीर्याने वागवले पाहिजे.